भयाचे आलंबन : दहशत, युद्ध आणि समर्थनाची संहिता

१

राज्यकर्ते जनतेच्या भीतीचा उपयोग युद्धाच्या समर्थनासाठी करून घेतात, हे विधान आता इतके रुळले आहे की ते उच्चारताना पुराव्याची आठवणही होत नाही. युद्धाचा विरोधक ते गृहीत धरतो. युद्धाचा समर्थक ते आरोप म्हणून झटकून टाकतो. त्याची परीक्षा दोघेही करीत नाहीत. वस्तुतः या एका विधानात तीन स्वतंत्र विधाने दडलेली आहेत. पहिले असे की, युद्धाची इच्छा दहशतवादी कृत्याच्या आधीपासून अस्तित्वात होती. दुसरे असे की, त्या कृत्याने निर्माण झालेल्या भयाचा विषय आणि युद्धाचे लक्ष्य एकच नव्हते, किंवा ते एक असल्याचा पुरावा हाती नव्हता. तिसरे असे की, हे अंतर राज्यकर्त्यांना ठाऊक होते आणि तरीही त्यांनी ते जनतेसमोर बुजवले. यांपैकी केवळ पहिले सिद्ध झाले तर फार तर संधिसाधूपणा म्हणता येईल. केवळ दुसरे सिद्ध झाले तर ती चूक ठरेल. तिसरे सिद्ध झाल्यावाचून 'गैरफायदा' हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

या तिन्ही गोष्टींचा निवाडा भाषणे ऐकून होत नाही. त्यासाठी बंद दालनात लिहिलेला मजकूर आणि चव्हाट्यावर वाचलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवावे लागतात. एका हस्तलिखिताच्या दोन प्रतींमध्ये कोणता शब्द बदलला, कोणती ओळ गळली, कोणती नंतर घुसडली, हे पाहण्याची जी सवय पाठचिकित्सकाला असते, तीच येथे उपयोगी पडते. म्हणूनच हा विषय इतिहासाचा असला तरी साहित्यसमीक्षेला तो परका नाही. प्रस्तुत लेखात अशा दोन प्रकरणांचा विचार करावयाचा आहे. एक १९१४ च्या व्हिएन्नाचे, दुसरे २००१ ते २००३ या काळातील वॉशिंग्टन व लंडनचे. दोन्ही ठिकाणचे गुप्त कागद आज बऱ्याच प्रमाणात खुले झालेले आहेत. निवड करण्याचे कारण एवढेच.

२

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. युरोपीय भाषांत राजकीय अर्थाने 'दहशत' हा शब्द रूढ झाला तो १७९३-९४ च्या फ्रेंच राज्यक्रांतीत, आणि तेव्हा तो शासनाच्या कृतीला उद्देशून होता. दहशत घालणारे सत्तेवर होते. पुढील शतकात हाच शब्द सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या गुप्त मंडळ्यांना चिकटला. मराठीतील शब्दांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. धाक, जरब, वचक हे राज्यकर्त्याचे गुण मानले जातात; ज्या अंमलदाराचा वचक नाही तो नालायक ठरतो. 'दहशत' मात्र आपण बहुधा गुंडाची, दरोडेखोराची म्हणतो. भय निर्माण करण्याची क्रिया एकच. कर्ता बदलला की शब्द बदलतो. भयाचा राजकीय उपयोग ही आधुनिकांची निर्मिती आहे असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोश भरण्याच्या उपायांत, झाडावर राक्षसाचे सोंग उभे करून त्याच्या निवारणासाठी नगरवासीयांकडून द्रव्य गोळा करावे, असा सरळ सल्ला आहे. तेथील राक्षस मात्र संपूर्ण खोटा आहे. आपल्या दोन्ही प्रकरणांतील दहशत खोटी नव्हती. माणसे खरोखरच मेली होती. बागुलबुवा म्हणून त्यांची वासलात लावता येत नाही, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा अधिक अवघड आहे.

ॲरिस्टॉटलने 'वक्तृत्वशास्त्रा'त भयाची व्याख्या करताना, जवळ येऊन ठेपलेल्या विनाशाच्या मनःचित्रातून उद्भवणारी पीडा असे म्हटले आहे. आणि पुढे एक सूक्ष्म अट घातली आहे. भय टिकण्यासाठी सुटकेची काही आशा शिल्लक असावी लागते, कारण सर्वस्वी निराश झालेला माणूस विचारविनिमय करीत नाही. भयभीत समाजाला कृतीकडे वळवू पाहणाऱ्या वक्त्याला म्हणूनच दोन चित्रे रंगवावी लागतात, विनाशाचे आणि सुटकेचे.

तथापि या प्रक्रियेचे अधिक नेमके वर्णन करण्याची साधने आपल्या काव्यशास्त्रात आहेत. भयानक रसाचा स्थायी भाव भय. त्याच्या विभावांचे पुढील आलंकारिकांनी दोन भाग केले : ज्याच्याविषयी भय वाटते ते आलंबन, आणि जे त्या भयाला चेतवते ते उद्दीपन. वाघ हे आलंबन; अंधार, निर्जन रान, दुरून येणारी डरकाळी हे उद्दीपन. रसविचार काव्यनाट्यापुरता आहे आणि राजकारणातील भय हा लौकिक भाव आहे, याची जाणीव ठेवूनच ही परिभाषा येथे उसनी घेतली आहे. तिचा उपयोग असा की, ती आपल्याला एक नेमका प्रश्न विचारू देते : उद्दीपन तसेच ठेवून आलंबन बदलता येते काय? रंगभूमीवर हा दोष ठरेल. राजकारणात मात्र, माझ्या मते, युद्धसमर्थनाचे मर्म नेमके येथेच आहे.

आणखी एक गोष्ट. नाट्यशास्त्राने वीर रस उत्तम प्रकृतीच्या पात्रांना दिला आणि भय स्त्रिया व नीच प्रकृतीची माणसे यांच्या वाट्याला घातले. या विभागणीतील सामाजिक पूर्वग्रह उघड आहे. परंतु युद्धपूर्व भाषणांची रचना पाहिली की हीच विभागणी तेथे शाबूत असल्याचे आढळते. भय प्रजेचे असते, उत्साह नेत्याचा. नेता स्वतः घाबरलेला दिसत नाही. तो प्रजेच्या वतीने भय जाणतो आणि स्वतःच्या वतीने निर्धार करतो.

३

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्त्स फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचा गोळ्या घालून वध केला. त्यानंतर महिन्याभराने युद्ध सुरू झाले. या दोन घटना आपण कार्यकारणाच्या दोरीने इतक्या सहज बांधतो की मधला महिना दिसेनासा होतो. त्या महिन्यातील एका कागदाकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे.

व्हिएन्नाच्या परराष्ट्र खात्यातील फ्रान्त्स फॉन मात्शेको या अधिकाऱ्याने २४ जून रोजी, म्हणजे हत्येच्या चार दिवस आधी, बाल्कन धोरणाविषयी एक टिपण तयार केले होते. रुमानियाचा भरवसा उरलेला नाही, बल्गेरियाला जवळ करावे, रशियाचा डाव ओळखून जर्मनीने या कामी साथ द्यावी, असा त्याचा आशय. सर्बियाविषयी त्यात कठोरपणा होता. पण सुचवलेला मार्ग मुत्सद्देगिरीचा होता. हत्या झाल्यावर हे टिपण फाडून टाकण्यात आले नाही. त्यावर पुन्हा हात फिरवण्यात आला, त्याचा सूर चढवण्यात आला, आणि सारायेव्होच्या घटनेचा उल्लेख करणारी पुरवणी त्याला जोडण्यात आली. सम्राटाच्या पत्रासह ते घेऊन होयोस ५ जुलै रोजी बर्लिनला पोचला आणि जर्मनीच्या बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन घेऊन परतला. ज्या मजकुराचा निष्कर्ष हत्येपूर्वी एक होता, त्याच मजकुराला हत्येनंतर दुसरा निष्कर्ष चिकटला. युक्तिवाद बहुतांशी तोच राहिला. उद्दीपन तेवढे नवे मिळाले.

यापुढील दोन कागद अधिक बोलके आहेत. ७ जुलै रोजी व्हिएन्नात संयुक्त मंत्रिपरिषद भरली. हंगेरीचा पंतप्रधान टिसा याचा अपवाद वगळता उपस्थितांचे मत असे पडले की, केवळ राजनैतिक यश मिळून उपयोगी नाही. म्हणून सर्बियापुढे अशा मागण्या ठेवाव्यात की ज्यांचा नकार जवळजवळ निश्चित असावा. ही नोंद कार्यवृत्तात आहे. १३ जुलै रोजी, सारायेव्होत तपासासाठी पाठवलेल्या वीझनर या अधिकाऱ्याने तारेने कळवले की, कटाला शस्त्रे व साहाय्य सर्बियातील अधिकाऱ्यांकडून मिळाले असल्याचे दिसते. परंतु कट रचण्यात सर्बियन शासनाचा हात होता असे दाखवणारे काहीही हाती लागलेले नाही. निर्णय ७ तारखेचा आणि तपासाचा अहवाल १३ तारखेचा. अहवालाने निर्णय बदलला नाही. दहा मागण्यांचा खलिता २३ जुलैच्या संध्याकाळी बेलग्रेडमध्ये देण्यात आला; उत्तराची मुदत ४८ तासांची होती.

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. सर्बियन लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख द्रागुतिन दिमित्रियेविच, ऊर्फ आपिस, याचा या कटाशी संबंध होता हे पुढे उघड झाले. क्रिस्टोफर क्लार्क यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सर्बियातील या गुप्त जाळ्याला पुन्हा महत्त्व दिले. त्यापूर्वी फ्रित्स फिशर यांनी १९६१ मध्ये सारा भर बर्लिनच्या महत्त्वाकांक्षेवर दिला होता. हा वाद मिटलेला नाही. मात्र आपला प्रश्न वेगळा आहे. व्हिएन्नाचा संशय खरा होता की खोटा, हा तो प्रश्न नाही. संशय आणि पुरावा यांतील अंतर त्या क्षणी व्हिएन्नाला ठाऊक होते काय, हा आहे. वीझनरची तार सांगते की ठाऊक होते. सरसेनापती कोनराड तर कित्येक वर्षांपासून सर्बियाविरुद्ध युद्धाचा आग्रह धरीत होता. आणि त्याला दरबारात रोखून धरणारी प्रमुख व्यक्ती होती खुद्द फ्रान्त्स फर्डिनांड. ज्याच्या मृत्यूच्या नावाने युद्ध पुकारले गेले, तोच त्या युद्धाचा विरोधक होता.

मग जनतेचे काय? श्टेफान त्स्वाइगने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हत्येची बातमी आली तेव्हा तो व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये होता. संगीत क्षणभर थांबले, पण लोकांच्या चेहऱ्यांवर विशेष दुःख नव्हते. युवराज लोकप्रिय नव्हता. म्हणजे राजधानीच्या परिसरात आयते भय साठून राहिले होते असेही म्हणता येत नाही. चार आठवड्यांत ते साचवावे लागले, आणि ते काम वृत्तपत्रांनी केले. कार्ल क्राउसच्या 'मानवजातीचे अखेरचे दिवस' या प्रचंड नाटकाचा आरंभ हत्येची बातमी ओरडत विकणाऱ्या पोऱ्याने होतो, यात म्हणूनच मोठे औचित्य आहे. त्या नाटकातील कितीतरी संवाद क्राउसने वृत्तपत्रांतून व सरकारी निवेदनांतून जसेच्या तसे उचलले आहेत. विडंबनासाठी त्याला अतिशयोक्तीची गरज भासली नाही. छापलेले वाक्य पात्राच्या तोंडी घातले की पुरे होत होते.

४

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,९७७ माणसे मृत्युमुखी पडली. विमाने पळवणाऱ्या १९ जणांपैकी १५ सौदी अरेबियाचे होते; इराकी एकही नव्हता. पाठोपाठ टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले आणि आणखी पाच जण दगावले. त्याचा माग पुढे अमेरिकेच्याच लष्करी प्रयोगशाळेपर्यंत गेला. त्या महिन्यांतील अमेरिकन जनतेचे भय कृत्रिम होते असे कोणीही म्हणू नये.

परंतु इराकविषयीची इच्छा जुनी होती. २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पाठवलेल्या एका खुल्या पत्रात सद्दाम हुसेनची राजवट उलथून टाकण्याची मागणी होती. सही करणाऱ्यांत डोनाल्ड रम्सफेल्ड व पॉल वुल्फोविट्झ होते. त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला क्लिंटन यांनी इराकमधील सत्तांतराला पाठिंबा देणाऱ्या कायद्यावर सही केली. ११ सप्टेंबरच्या दुपारी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या सूचनांची जी टिपणे त्यांच्या सहायकाने घेतली, त्यांत बिन लादेनबरोबरच सद्दामवरही एकाच वेळी प्रहार करता येईल काय, हे तपासण्याचा उल्लेख आहे. ढिगारे अजून धुमसत होते. पहिल्या विधानाला याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

आलंबन बदलण्याचे काम पुढील दीड वर्षात झाले, आणि त्याच्या पायऱ्या मोजता येतात. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकी संसदेने हल्लेखोरांविरुद्ध बळाच्या वापराला संमती दिली. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकच पडले, बार्बरा ली यांचे. त्या ठरावात आलंबन निश्चित होते : हल्ला करणारे आणि त्यांना आश्रय देणारे. २९ जानेवारी २००२ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराक, इराण आणि उत्तर कोरिया यांना एका 'अक्षा'त बसवले. भाषणलेखक डेव्हिड फ्रम यांनी नंतर लिहिले की, मूळ खर्ड्यात 'द्वेषाचा अक्ष' असे होते; अंतिम पाठात 'द्वेषा'च्या जागी 'दुष्टता' आली. हा पाठभेद किरकोळ नाही. द्वेषाला कारण असते, इतिहास असतो, त्याविषयी बोलणी करता येतात. दुष्टता ही कारणाच्या पलीकडची. शिवाय 'अक्ष' या शब्दाने १९४० च्या दशकातील युद्धाची स्मृती फुकटात मिळाली. प्रत्यक्षात इराक व इराण यांनी १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे एकमेकांशी रक्तबंबाळ युद्ध केले होते.

२००२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये २३ जुलै रोजी पंतप्रधान ब्लेअर यांच्याकडे एक बैठक झाली. तिचे टिपण २००५ मध्ये फुटले. वॉशिंग्टनहून परतलेल्या ब्रिटिश गुप्तवार्ता प्रमुखाचे निरीक्षण त्यात नोंदले आहे : युद्ध आता अटळ मानले जात आहे आणि माहिती व तथ्ये धोरणाभोवती बसवली जात आहेत. २८ जुलै रोजी ब्लेअर यांनी बुश यांना काहीही झाले तरी आपण सोबत राहू असे लिहिले. त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला जे पुस्तक संसदेसमोर ठेवले गेले, त्यात इराक आदेशानंतर ४५ मिनिटांत संहारक अस्त्रे वापरू शकेल असा दावा होता. मूळ माहिती रणांगणावर वापरावयाच्या अल्पपल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती. वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश तळ धोक्यात असल्याचे छापले, आणि शासनाने ती समजूत दुरुस्त केली नाही. ॲरिस्टॉटलची 'जवळ येऊन ठेपलेला विनाश' ही अट येथे मिनिटांच्या हिशेबाने पुरी झाली.

७ ऑक्टोबर २००२ च्या सिनसिनाटी येथील भाषणात बुश यांनी, निर्णायक पुराव्याची वाट पाहत बसलो तर तो अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात समोर येईल, अशा आशयाची प्रतिमा वापरली. तिच्या रचनेकडे पाहावे. पुराव्याचा अभाव हा सामान्यतः आरोपाचा दुबळेपणा असतो. येथे तोच भयाचे उद्दीपन झाला. जे दिसत नाही ते अधिक भीषण, हे तर भयकथेचे जुने तंत्र. १० ऑक्टोबर रोजी प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि दुसऱ्या दिवशी सेनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाधिकार दिले.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे आरोपपत्र मांडले. त्या सुमारास परिषदेच्या दालनाबाहेरील पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकलेली होती. दूरचित्रवाणीच्या चित्रणासाठी पार्श्वभूमी सोयीची व्हावी, असे कारण सांगण्यात आले. कारण खरेही असेल. तरीही उद्दीपनांची निवड कशी होते याचे हे उदाहरण आहे : कोसळणारे मनोरे पुन्हा पुन्हा दाखवले गेले, आणि बॉम्बखालचे गाव झाकले गेले.

फलनिष्पत्ती आकड्यांत उपलब्ध आहे. ऑगस्ट २००३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने केलेल्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा वैयक्तिक हात असण्याची शक्यता वाटत होती. १७ सप्टेंबर २००३ रोजी, म्हणजे आक्रमणानंतर सहा महिन्यांनी, असा पुरावा नसल्याचे बुश यांनीच सांगितले. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. सद्दामने हल्ला केला असे बुश यांनी थेट म्हटले नव्हते. दोन नावे एका परिच्छेदात, कधी एका वाक्यात, शेजारी येत राहिली. संबंध श्रोत्याने जोडला. मम्मटाच्या भाषेत सांगायचे तर वाच्यार्थाने निर्दोष राहून व्यंग्यार्थाने काम साधले गेले. व्यंजनेवर खटला चालवता येत नाही.

५

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. राज्यकर्तेही माणसेच असतात. तेही घाबरलेले असू शकतात. आणखी एक हल्ला झाला आणि आपण काही केले नव्हते असे ठरले, तर काय, ही चिंता २००२ मध्ये वॉशिंग्टनला खरोखर ग्रासत होती. ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या चिलकॉट समितीच्या अहवालाचा निष्कर्षही कट रचल्याचा नाही. शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्धाचा निर्णय झाला आणि इराकच्या अस्त्रांचा धोका ज्या खात्रीने मांडला गेला ती खात्री माहितीच्या आधारे समर्थनीय नव्हती, असे तो म्हणतो. मला हा निष्कर्ष अधिक उपयुक्त वाटतो, कारण तो आपले लक्ष हेतूकडून भाषेकडे वळवतो. बंद दालनात 'बहुधा', 'संभवते', 'तुटक माहितीनुसार' ही अव्यये होती. चव्हाट्यावर येताना ती गळून पडली. प्रामाणिक भय बाळगणाऱ्यालाही अव्यये गाळण्याचा अधिकार नसतो. तिसरे विधान सिद्ध होते ते इतक्याच मर्यादित अर्थाने. पण तो अर्थ लहान नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, दहशतीतून युद्ध हे स्वाभाविकच आहे. नेत्याने काही करावेच लागत नाही. याचे उत्तर मुंबईने दिलेले आहे. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात दहा हल्लेखोरांनी केलेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. भय प्रत्यक्ष होते, सीमेपलीकडील सूत्रधार अनुमानाचा विषय नव्हता, जिवंत पकडलेला आरोपी हाती होता. तरीही युद्ध झाले नाही. तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, त्या वेळी आपण प्रतिप्रहाराच्या बाजूचे होतो, पण मागे वळून पाहता संयमाचा निर्णय योग्य होता असे वाटते. दोन्ही देशांच्या अण्वस्त्रांचा दाब त्या निर्णयामागे होता हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय ते हे की, मुंबईकरांच्या क्षोभाचे आलंबन त्या आठवड्यात राज्यकर्तेच झाले. केंद्रीय गृहमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री यांना पदे सोडावी लागली. डिसेंबरात नवी तपास यंत्रणा उभी राहिली आणि कायदा कडक झाला. खटला मुंबईतच, पुराव्याच्या नियमांनी चालला. म्हणजे भयाला आलंबन कोणी पुरवले नाही, तर ते स्वतःचे आलंबन शोधते, आणि ते सत्ताधाऱ्यांना सोयीचे असेलच असे नाही. २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये भारताचा प्रतिसाद वेगळा, लष्करी स्वरूपाचा होता. त्या निर्णयांचे अंतर्गत कागद खुले झालेले नाहीत. त्यामुळे येथे वापरलेली कसोटी त्यांना आज लावता येणार नाही, आणि लावल्याचा आव आणणेही उचित नव्हे.

६

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता मर्यादेसह देता येते. अभ्यासलेल्या दोन्ही प्रकरणांत युद्धाची इच्छा दहशतीच्या आधीची होती, भयाचे आलंबन बदलले गेले, आणि पुराव्यातील उणीव बदलणाऱ्यांना माहीत होती. राज्यकर्त्यांनी भय निर्माण केले नाही. ते त्यांना सापडले. त्यांनी त्याची दिशा ठरवली.

परंतु दोष केवळ वक्त्याकडे टाकून श्रोता मोकळा होत नाही. काव्यास्वादात साधारणीकरण हा लाभ आहे. राम कोण, सीता कोण, केव्हाची, हे विसरून सहृदय भावापर्यंत पोचतो आणि म्हणूनच आस्वाद घेऊ शकतो. राजकारणात हीच विस्मृती घातक ठरते. 'दहशत' या सामान्य नामाविरुद्ध युद्ध पुकारले की देश, काल, व्यक्ती हे विशेष पुसले जातात आणि कोणतेही विशेष त्या रिकाम्या जागी बसवता येते. व्हिएन्नात बंदूकधारी तरुणांच्या जागी एक राष्ट्र बसले. वॉशिंग्टनमध्ये एका संघटनेच्या जागी दुसरेच राष्ट्र. साहित्याच्या अभ्यासकाला साधारणीकरण कसे घडते हे माहीत असते. ते उलटे उलगडण्याचे कौशल्यही त्याच्याकडेच असावयास हवे. भय कोणाचे, कोणापासून, कोणत्या तारखेपासून, आणि कोणत्या अव्ययाच्या लोपाने, हे चार प्रश्न युद्धाच्या प्रत्येक समर्थनसंहितेला विचारता येतात. वीझनरची तार १३ जुलैला व्हिएन्नात पोचली होती आणि युद्ध २८ जुलैला पुकारले गेले. मधले पंधरा दिवस ती परराष्ट्र खात्यात होती. जनतेच्या हाती नव्हती.